लवजींचे घराणे आणि वऱ्हाडातील पेढ्या

वऱ्हाडास समुद्र नाही. पूर्णा आणि वर्धा या आमच्या नद्या. त्यांच्या उतारावर पूर्वी पावसाळ्यात डोंगे आणि नावा चालत, आणि जागोजाग पूल झाल्यावर त्याही बहुतेक दिसेनाशा झाल्या. तेव्हा लाकडी जहाजे बांधणाऱ्या एका घराण्याचा इतिहास अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्याने कशासाठी वाचावा, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, धंदा जहाजाचा असो, सरकीचा असो की कापडाचा असो, तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा जातो, कशाने टिकतो आणि कशाने बुडतो, याचे नियम सर्वत्र सारखेच असतात. दूरच्या उदाहरणात ते नियम स्पष्ट दिसतात, कारण तेथे आपला भाऊबंद गुंतलेला नसतो आणि आपला अभिमानही आड येत नाही.

आमच्याकडील स्थिती काय आहे हे सांगावयास फार शब्द नकोत. आजोबाने एक जीन किंवा तेलाची घाणी घातली, बापाने तिचा कारखाना केला आणि नातवांनी त्याच्या भिंती वाटून घेतल्या, हा क्रम आमच्या बाजारपेठांत इतका परिचयाचा झाला आहे की त्याचे कोणास आश्चर्यही वाटत नाही. एक भाऊ वखार घेतो, दुसरा यंत्रे घेतो, तिसरा नाव घेतो. नावाविना यंत्र आणि यंत्राविना नाव ही दोन्ही थोड्याच वर्षांत निकामी होतात. मग फाटकास कुलूप लागते, कामगार दुसरीकडे रोजगार शोधतो, आणि चाळीस वर्षे ज्या मुनिमाच्या डोक्यात सर्व धंदा साठविलेला असतो तो घरी बसून राहतो. लोक म्हणतात, काळ बदलला. काळ बदलला हे खरे. परंतु काळ तर सर्वांसाठीच बदलतो. त्यातून काही घराणी तरतात आणि काही बुडतात, त्याचे कारण काळात नाही, घरात शोधले पाहिजे.

ज्या घराण्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते मुंबईच्या वाडियांचे होय. लवजी नसरवानजी यांचा जन्म इ. स. १७०२ चा. ते सुरतेच्या गोदीत सुतारांचे मुकादम होते. सुरत त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीचे मोठे ठाणे होते, आणि मुंबईस अद्याप मोठेपणा आलेला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीस मुंबईत जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची सोय हवी होती. तिचा अधिकारी सुरतेस गेला असता लवजींचे काम त्याच्या नजरेस आले, आणि इ. स. १७३५-३६ मध्ये लवजी काही सुतार बरोबर घेऊन मुंबईस आले. तेथून पुढे जवळजवळ दीडशे वर्षे, सात पिढ्यांच्या आत-बाहेर, मुंबईच्या गोदीचे प्रधान कारागीर याच घराण्यातून येत राहिले. या अवधीत त्यांच्या देखरेखीखाली लहानमोठी तीनशेंहून अधिक जहाजे पाण्यात उतरली.

मुंबईस एक नैसर्गिक अनुकूलता होती. तेथे भरती-ओहोटीचे अंतर मोठे आहे. भरतीच्या वेळी जहाज गोदीत घ्यावे, ओहोटीने पाणी उतरले की दार लावून उरलेले पाणी काढून टाकावे, आणि जहाजाचा तळ कोरड्या जमिनीवर उभे राहून दुरुस्त करावा, हे तेथे सहज साधण्यासारखे होते. इ. स. १७५० मध्ये लवजींच्या हयातीत अशी पहिली कोरडी गोदी तयार झाली; आशियातील पहिली म्हणून तिची गणना होते. पंधरा वर्षांत तिच्या जोडीस आणखी दोन झाल्या. परंतु अनुकूलता निसर्गाची असली तरी तिचा उपयोग करून घेणारा हात लागतो, आणि तो हात मुंबईस सुरतेहून आणावा लागला, ही गोष्ट विसरता कामा नये. भांडवल येथे आहे, कच्चा माल येथे आहे, मग धंदा का होत नाही, असे जे आमच्याकडे नेहमी विचारले जाते त्याचे उत्तर पुष्कळदा या एका वाक्यात असते.

आता या कारागिरीचे मर्म पाहा. इंग्रजांची जहाजे ओकच्या लाकडाची. ओकमध्ये असलेल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजते. आमचा साग तेलकट. तो लोखंडास सांभाळतो, पाण्यास दाद देत नाही आणि किडीसही सहसा बळी पडत नाही. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरील सुतार फळीस फळी नुसती टेकवून ठोकीत नसत. एकीच्या काठास खाच पाडून दुसरीचा काठ तीत बसवीत, आणि सांध्यात कापूस व लुकण घालून तो असा मिळवीत की दोन फळ्या एकजीव व्हाव्यात. तेव्हा समुद्र नसलेल्या देशातील कापूसही जहाजाच्या अंगी लागत होता, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात येईल. युरोपात नेपोलियनशी युद्ध जुंपले आणि इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश आरमारास या सागाच्या जहाजांची आठवण झाली. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेले ‘मिंडन’ हे ७४ तोफांचे लढाऊ जहाज १९ जून १८१० रोजी पाण्यात उतरले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेले त्या दर्जाचे ते पहिलेच युद्धनौकेचे काम होय.

पुढे १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ साली ‘वेलस्ली’, १८१७ साली ‘त्रिंकोमाली’, १८२१ साली ‘गंगा’ आणि १८२४ साली ‘एशिया’ अशी एकामागून एक जहाजे झाली. त्यांच्या टिकाऊपणाची साक्ष इतिहासानेच दिली आहे. ‘एशिया’ हे १८२७ साली नवारिनोच्या लढाईत सेनापतीचे जहाज होते. ‘गंगा’ मोडीत निघाले ते १९३० साली, म्हणजे एकशे नऊ वर्षांनी. ‘वेलस्ली’ सप्टेंबर १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्याने बुडाले. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या सुतारांनी घडविलेली लाकडे बुडवावयास विमाने यावी लागली. आणि ‘त्रिंकोमाली’ तर इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे असून लोक ते पाहावयास जातात.

या ‘त्रिंकोमाली’च्या जन्माची एक हकीकत बोधप्रद आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन जहाजाने लढाईत जिंकून नष्ट केले आणि नकाशेही गेले. पुन्हा नकाशे येईपर्यंत थांबावे लागले. तळाचा कणा घालण्यास १८१६ साल उजाडले. ज्या कारागिराचा हात जगात कोणाहून कमी नव्हता त्यासही कागदावर काढलेल्या मापाची वाट पाहावी लागली, यात कारागिराचा कमीपणा नाही. मोठे काम एका माणसाच्या स्मरणावर चालत नाही, ते लिहिलेल्या मापावर चालते, एवढेच त्यातून दिसते. आमच्या पेढ्यांत मात्र सर्व मापे, सर्व गिऱ्हाइके, कोणत्या गावच्या कापसास किती उतारा पडतो याचा सर्व अनुभव हा वडिलांच्या नाही तर दिवाणजींच्या डोक्यात असतो. ते डोके एके दिवशी मिटते आणि त्याबरोबर पन्नास वर्षांची विद्या स्मशानात जाते. तिची एक ओळ कीर्द-खतावणीत सापडत नाही.

हे घराणे इतकी वर्षे कशाने टिकले? कोणी म्हणेल, वंशपरंपरेने. सुताराचा मुलगा सुतार व्हावयाचाच. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे, आणि घातकही आहे. वंशपरंपरा तर आमच्याकडेही आहे, आणि तिच्याच जोरावर आमच्या पेढ्या बुडत आहेत. वाडियांच्या घरी वंशाबरोबर आणखी एक गोष्ट होती. इ. स. १७७२ च्या सुमारास लवजी हे मुंबईतील एक प्रतिष्ठित पुरुष असताना त्यांचे दोन नातू, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी, त्याच गोदीत साधे सुतार म्हणून महिना बारा रुपयांवर राबत होते. आजोबांच्या नावावर त्यांस खुर्ची मिळाली नाही, वाकस आणि रंधा मिळाला. त्यांतील जमशेटजी हेच पुढे ‘मिंडन’चे कर्ते झाले. १७७४ साली लवजी वारले तेव्हा त्यांच्या मागे एक घर आणि वीस हजारांच्या आतील रोकड एवढीच मालमत्ता राहिली असे नमूद आहे. ज्याच्या हातून लाखोंची कामे गेली त्याने मुलांस संपत्ती थोडी ठेवली, आणि विद्या व लौकिक पुष्कळ ठेवला. त्या ठेव्यावर घराणे आणखी शंभर वर्षे चालले.

आता आमच्याकडे पाहा. ज्या घरी कारखाना आहे त्या घरचा मुलगा पदवी घेऊन येतो आणि पहिल्या दिवशीच मालकाच्या खोलीत बसतो. सरकीस हात लावावयाची त्यास लाज वाटते, गाठ कशी बांधतात ते ठाऊक नसते, आणि तीस वर्षे यंत्राजवळ उभ्या राहिलेल्या मिस्त्रीशी तो एकेरीत बोलतो. मिस्त्री मनात समजतो की, हा आपला धनी आहे, परंतु हा आपला उस्ताद नाही. ज्या दिवशी कामगाराच्या मनातून धन्याविषयीचा हा आदर जातो, त्या दिवसापासून कारखान्याच्या पडझडीस आरंभ होतो. यंत्रे पुढे कित्येक वर्षे फिरत राहिली तरी त्याने फसू नये.

दुसरी गोष्ट, या घराण्याने नवी विद्या येताना दिसली तेव्हा तोंड फिरविले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात वाफेचे यंत्र समुद्रावर आले. शिडाच्या जहाजावर ज्यांची कीर्ती उभी होती त्यांनी त्या यंत्राची निंदा केली असती तर ते मनुष्यस्वभावास धरूनच झाले असते. परंतु १८३८ साली याच घरचे जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणीचे शिक्षण घेण्यास इंग्लंडास गेले, तेथील सरकारी गोदीत शिकले, आणि आपला वृत्तान्त १८४१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध करून मोकळे झाले. अर्देसर कर्सेटजी यांनी तर त्याआधीच १८३३ साली ‘इंडस’ नावाची लहान आगबोट सिद्ध केली होती, आणि पुढच्याच वर्षी माझगावातील आपले घर गॅसच्या दिव्यांनी उजळून मुंबईकरांस चकित केले होते. ते १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच वर्षी मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्यावर मुख्य यंत्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि हाताखाली गोरे कारागीर आले. गोऱ्या मंडळीत त्यावरून कुरकुर झाली; तरीही १८५७ पर्यंत त्यांनी ते काम चालविले. समुद्र ओलांडण्यास आमच्यातील पुष्कळ शहाणी माणसे पाप समजत होती त्या काळातील ही गोष्ट आहे.

असे असता हे काम अखेर का थांबले? येथे आम्ही घराण्याचे दोष आणि परिस्थितीचे दोष वेगळे करून दाखवू इच्छितो. कारण आमच्याकडे एक पक्ष सर्व दोष सरकारवर टाकतो आणि दुसरा सर्व दोष आपल्याच लोकांवर. परिस्थितीचा दोष उघड आहे. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे लंडनच्या धक्क्यास लागू लागली तेव्हा तेथील जहाजबांधणीवाल्यांनी ओरड केली, आणि १८१४ नंतरच्या कायद्यांनी हिंदी खलाशांस ब्रिटिश खलाशी म्हणून गणण्याचे नाकारून अशा जहाजांची वाट अरुंद केली. पुढे लाकूड जाऊन लोखंड आले. ज्या देशात लोखंडाचे मोठे कारखाने नाहीत, कोळशाची सोय नाही आणि सरकारास ती करण्याची इच्छा नाही, त्या देशातील कारागिराने लोखंडी जहाज कोठून बांधावे? विद्या शिकून आलेला तरुण गोदीत उभा राहिला, परंतु त्याच्या हातात द्यावयास लोखंड नव्हते.

परंतु याहूनही मुळाशी जाणारी एक गोष्ट आहे. गोदी वाडियांची नव्हती. कौशल्य घराण्याचे, मालकी कंपनीची आणि मागून सरकारची, अशी ती व्यवस्था होती. मान भरपूर मिळाला. रुप्याच्या मोजपट्ट्या मिळाल्या, शाली मिळाल्या, इनामे मिळाली. अशी एक आख्यायिका सांगतात की, जमशेटजींनी एका जहाजाच्या आतल्या कण्यावर, सहज दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे अशा अर्थाची ओळ कोरून ठेविली होती, आणि पुष्कळ वर्षांनी जहाज दुरुस्तीस आले तेव्हा त्यांनी ती दाखविली. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात जी व्यथा आहे ती खरी आहे. जो घडवितो त्याचे नाव आत दडून राहते आणि जो हुकूम देतो त्याचे नाव बाहेर सोन्याच्या अक्षरांत लागते. मालकी नसलेल्या कारागिरास शाल मिळते, परंतु पुढे काय बांधावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार नव्हता म्हणून लाकडापासून लोखंडाकडे जाण्याचा निर्णय त्या घराण्यास घेताच आला नाही.

आणि मग आमच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो. जमशेटजींचे नाव तरी कण्यावर कोरले गेले. ज्या शेकडो सुतारांनी, लोहारांनी, फटी बुजविणारांनी आणि हमालांनी ती जहाजे उभी केली, त्यांची नावे कोठे आहेत? कंपनीने लवजींशी जे केले तेच आमच्यापैकी किती मालक आपल्या मिस्त्र्यांशी करीत आहेत? दसऱ्यास धोतरजोडी, दिवाळीस मिठाईचा पुडा, आणि म्हातारपणी ‘आता घरी आराम करा’ असा निरोप! मिस्त्रीच्या हुशार मुलाने मालकाच्या मुलाशेजारी बसून तेच काम शिकावे आणि योग्यता ठरल्यास त्याच्यावर अधिकारही चालवावा, ही कल्पना आमच्या पेढ्यांस अजून सहन होत नाही. जातीने काम ठरविण्याची रूढी आम्ही कायद्याच्या पुस्तकातून काढली, परंतु कारखान्याच्या फाटकाच्या आत ती दुसऱ्या वेषात नांदते आहे. जो धंदा योग्यतेस दार बंद करतो त्यास रक्ताच्या नात्यातून योग्यता नेहमी मिळेलच अशी हमी कोणी दिली आहे?

कच्च्या मालाचा हिशेबही येथेच करू. साग हवा म्हणून कंपनीने १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन यांस वनरक्षक नेमले. झाडांवरील मालकी व तोड त्यांनी अशी हातात घेतली की स्थानिक लोक आणि लाकडाचे व्यापारी यांच्यात मोठा असंतोष माजला, आणि १८२३ साली ते पदच रद्द करावे लागले. जहाज शंभर वर्षे टिकले, परंतु ज्या रानातून त्याचा साग आला त्या रानाचे व रानातील माणसांचे काय झाले, हे जहाजाच्या कीर्तीत कोणी लिहिले नाही. आमच्या वऱ्हाडात सागाचे रान मेळघाटात आहे. १९७४ पासून तेथे व्याघ्रप्रकल्प आहे, आणि त्या रानाचा खरा जुना रहिवासी जो कोरकू त्याची कथा मलबारपेक्षा फार निराळी नाही. आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर वऱ्हाडचे खरे सागवान म्हणजे कापूस पिकविणारा शेतकरी होय. तो कर्जाने पिचून मरत असताना त्याच्या कापसावर चालणाऱ्या जिनास पुढच्या शंभर वर्षांची आशा बाळगता येत नाही. रान संपले की गोदी बंद पडणारच.

धंद्याच्या नीतीविषयीही या इतिहासात एक काळा ठिपका आहे, तो झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. मुंबईच्या सागाची ‘कॉर्नवॉलिस’ ती, जिच्यावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. आणि ते युद्ध अफूच्या व्यापारातून उद्भवले होते. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या जहाजांत कापसाच्या गाठींशेजारी अफूच्या पेट्या भरलेल्या असत. इ. स. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर घालून मुंबईस नेण्याचा परिपाठ पाडला, तेव्हापासून आमचाही या समुद्रव्यापाराशी संबंध जडला, आणि १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचल्यावर तो पक्का झाला. सुतार म्हणेल, मी जहाज बांधले, त्यात काय भरले ते मी पाहिले नाही. परंतु आजच्या व्यापाऱ्यास ही सबब पुरणार नाही. आपल्या हातचे सरकीचे तेल, खत किंवा बियाणे पुढे कोणाच्या घरी काय करते हे पाहणे धंद्याचाच भाग आहे.

गोदीतील परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास संपली. परंतु कूळ संपले नाही. त्याच वाडिया कुळातील नवरोजी नसरवानजी यांनी १८७९ साली मुंबईत कापड रंगविण्याचा कारखाना घातला आणि त्यातून ‘बॉम्बे डाइंग’ वाढली. सागाचे कूळ कापसावर आले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी जेरबाई यांनी गरीब पारशी कुटुंबांसाठी राहण्याच्या वसाहती उभारल्या, त्यांतील बागा मुंबईत आजही त्यांच्या मुलांच्या नावांनी ओळखल्या जातात. पैशाची व्यवस्था कशी करावी हे त्या बाईस कळत होते याविषयी कोणास शंका उरू नये. परंतु गोदीच्या दीडशे वर्षांतील प्रधान कारागिरांची यादी पाहिली तर तीत एकही स्त्री नाही. ज्या घरी अशी बुद्धी होती त्या घराने आपल्या अर्ध्या बुद्धीस हत्यार धरू दिले नाही.

तो काळ तसा होता असे म्हणून आम्ही वाडियांस सोडून देऊ. आपणांस सोडता येणार नाही. इ. स. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, तो हक्क तिला आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. परंतु कायद्याने दिलेला हक्क आमच्या घरांतून हक्कसोडपत्राच्या वाटेने परत जातो. भाऊबीजेस ओवाळणी घातली आणि वर्षाच्या आत बहिणीची सही घेतली, हा व्यवहार कित्येक प्रतिष्ठित घरांत प्रेमाच्या नावाखाली चालतो. त्यातील अन्यायाविषयी पुष्कळ लिहिता येईल. आज आम्ही केवळ धंद्याच्या दृष्टीने विचारतो. ज्या मुलीने वाणिज्याची वा यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात दिली तिला मांडवातून वाटेस लावावयाचे आणि ज्या मुलाचे कारखान्यात मन नाही त्यास गादीवर बसवावयाचे, यास व्यवहार म्हणावे की आत्मघात? १८ फेब्रुवारी २०१७ रोजी गोव्यातील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘तारिणी’ ही शिडाची नाव आरमारात दाखल झाली, आणि सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात सहा स्त्री अधिकाऱ्यांनी तीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ज्या बायका पृथ्वीभोवती शीड चालवितात त्यांस अकोल्याची एक पेढी चालविता येणार नाही, असे कोणास वाटत असेल तर त्याने ते उघड बोलून दाखवावे.

आमच्या विरुद्ध असा आक्षेप घेतला जाईल की, हे सर्व बोलणे सोपे आहे. परक्यास घरातले शिकविले तर तो उद्या समोरच दुकान थाटील, आणि मापे कागदावर लिहिली तर ती चोरीस जातील. भीती अगदीच निराधार नाही. परंतु लवजी स्वतःच एका गोदीतून शिकून दुसऱ्या गोदीत गेले होते, हे ध्यानात घ्यावे. सुरतेचे त्याने नुकसान झाले म्हणावे तर सुरतेचा ऱ्हास एका सुताराच्या जाण्याने झाला नाही. शिकलेला माणूस जातो तो बहुधा त्यास ठेवण्यासारखे आपल्याजवळ काही नसते म्हणून. त्यास वेतनाबरोबर वाटा द्यावा, अधिकार द्यावा, म्हणजे तो समोर दुकान थाटण्याऐवजी आपलेच दुकान वाढवील. आणि चोरीच्या भीतीने न लिहिलेली विद्या तर निश्चितच नष्ट होते. चोरीस गेलेली वस्तू जगात कोठे तरी राहते, नष्ट झालेली कोठेच राहत नाही.

जुन्या विद्येविषयी याच काळातील एक उदाहरण आहे. फळ्यांस खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवून जहाज बांधण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर फार प्राचीन. ती जवळजवळ लोपली होती. केरळातील बाबू शंकरन् यांच्यासारखे थोडे कारागीर ती जाणत होते म्हणून गोव्यात तसे एक जहाज बांधता आले, आणि मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने ते कारवार येथे आरमारात दाखल झाले. सरकारास ऐन वेळी असा कारागीर सापडला हे सुदैव होय. अमरावती-अकोल्यातील किती जुन्या विद्यांस असे सुदैव लाभेल, हे ज्याने त्याने आपल्या पेठेत फिरून पाहावे.

तेव्हा आमच्या व्यापारी बंधूंस आणि भगिनींस आमच्या चार स्पष्ट सूचना आहेत. पहिली, घरचा मुलगा असो वा मुलगी, तिने किंवा त्याने निदान दोन वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली, मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे आणि शिकाऊ कामगाराच्या वेतनावर काम केल्याखेरीज गादीवर बसू नये. दुसरी, धंद्यातील मापे, यंत्रांचे आराखडे, मालाची परीक्षा व गिऱ्हाइकांचा इतिहास प्रत्येक पेढीने लिहून काढावा, आणि त्या लिहिण्यात ज्या कामगाराच्या अनुभवाचा उपयोग झाला त्याचे नाव त्यात घालावे. तिसरी, वाटणीचा व कारभाराचा निर्णय वडिलांनी आपल्या हयातीत, सर्व मुलामुलींस समोर बसवून व त्यांची संमती घेऊन कागदावर करावा. हक्कसोडपत्राची प्रथा प्रतिष्ठित घरांनी प्रथम बंद करावी. चौथी, अमरावती व अकोला येथील व्यापाऱ्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन दरवर्षी काही हुशार कारागीर मुलांस, आणि त्यांत जाणूनबुजून मुलींस, जेथे उत्तम काम चालते तेथे शिकावयास पाठवावे. लग्नाच्या एका वरातीत फटाक्यांवर जो खर्च होतो त्यात एका मुलाचे वर्ष निघते.

या चार गोष्टींस सरकारी मंजुरी लागत नाही, कर्ज लागत नाही, आणि कोणत्याही पक्षाचा झेंडाही लागत नाही. लागतो तो फक्त घरातील वडील माणसाचा निश्चय. हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल, जिने चालू लागतील आणि मग कोणास फुरसत मिळणार नाही. म्हणून ज्यांस हे लिहिणे पटले असेल त्यांनी येत्या दिवाळीच्या वहीपूजनास मुलगा, मुलगी आणि जुना मिस्त्री या तिघांस एका बैठकीवर बसवावे, नव्या वहीचे पहिले पान हिशेबासाठी न वापरता त्यावर धंद्याचे पहिले माप लिहून काढावे, आणि त्याखाली तिघांच्या सह्या घ्याव्यात.